ओठ मिटायच्या आधीचा श्वास

ब्रह्मदेशाहून परत आल्यापासून गारखेड्यात जो भेटेल तो विचारतो, "बाई, काय काय पाहिलं?" पाहिलं पुष्कळ. सोन्यानं मढवलेले स्तूप पाहिले, इरावतीचं अफाट पाणी पाहिलं, गालांना झाडाचं खोड उगाळून लावलेल्या बाया पाहिल्या. पण चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून माझे डोळे अधू झालेत आणि कान तेवढे तिखट राहिलेत. त्यामुळं मी तो देश पाहिला कमी आणि ऐकला जास्त. दुसरं कुणी जाऊन आलं तर ते फोटो दाखवील. माझ्याकडं आवाज आहेत, तेच सांगते.

आम्ही दोघंच गेलो होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ प्रल्हाद. प्रल्हाद वीजखात्यात लाइनमन होता, नुकताच निवृत्त झाला. लहानपणापासून तो बोलताना अडखळतो. त्यातही ओठ मिटून काढायची अक्षरं आली, प, ब, म, की त्याच्या तोंडाला कुलूपच लागतं. आणि आईबाबांनी नाव ठेवलं प्रल्हाद! लाइनमनचीच नोकरी त्यानं का धरली असं मला विचाराल, तर खांबावर चढल्यावर कुणी गप्पा मारायला वर येत नाही म्हणून.

आमचे बाबा मूळचे पिशोरचे. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. मौलवीसाहेबांनी छड्या मारमारून त्यांच्याकडून उर्दूचा क़ाफ, म्हणजे घशाच्या तळातून यायचा क, काढून घेतला होता. पुढं पोलीस ॲक्शन झाली, शाळा-कचेऱ्या मराठी झाल्या आणि तो कमावलेला क़ाफ वाया गेला. बाबा सोयगावच्या तहसिलीत कारकून झाले, पण उच्चाराची शिस्त काही त्यांनी सोडली नाही. बौद्ध झाल्यावर वस्तीवरच्या विहारात वंदना तेच सांगायचे. आमच्याकडं रीत अशी, की एकानं पुढं म्हणायचं आणि बाकी सगळ्यांनी त्याच्यामागून तस्संच म्हणायचं. प्रल्हाद अकरा वर्षांचा होता तेव्हा एका पौर्णिमेला बाबांनी त्याला उभं केलं. म्हणाले, "आज त्रिसरण तू सांग." पोरगं उभं राहिलं. "बु... बु..." पुढं जाईना. सगळी वस्ती बघत होती. बाबांची मान खाली गेली. मी पंधरा वर्षांची, पहिल्या रांगेत बसलेली. बसल्या जागेवरून मी खणखणीत म्हणाले, "बुद्धं सरणं गच्छामि!" वस्ती माझ्यामागून म्हणाली. बाबांनी माझी पाठ थोपटली.

त्या दिवसापासून प्रल्हादनं त्रिसरण मोठ्यानं म्हटलेलं नाही. विहारात येतो, बसतो, ओठ हलवतो, आवाज नाही. आणि मी मात्र तेव्हापासून त्याची वाक्यं पूर्ण करायचा मक्ताच घेतला. किराणा दुकानात, दवाखान्यात, त्याच्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा. तो "ता..." म्हणायचा अवकाश, "ताक हवंय त्याला" मी सांगून मोकळी. मला ती माया वाटायची. त्याला काय वाटायचं हे मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी उत्तर मीच दिलं असतं.

या सगळ्यात ह्निन आली. ही ब्रह्मदेशची मुलगी पाली शिकायला औरंगाबादेत आली आणि तीन वर्षं आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. मराठी तिला मी शिकवलं. गारखेड्याच्या भाजीवाल्यांनी माझ्यापेक्षा जास्त शिकवलं. मला ती बाई म्हणायची आणि माझ्या मुलांचं ऐकून प्रल्हादला मामा. तिनंच एकदा जेवताना सांगितलं, की त्यांच्याकडं कुणीही मोठा माणूस दहा दिवसांपुरता श्रामणेर होऊ शकतो. डोकं भादरायचं, चीवर घालायचं, मठात राहायचं, आणि दहा दिवसांनी परत आपल्या घरी.

"फकस्त एक हाय, मामा," ती म्हणाली. "तिसरण सोत्ताच्या तोंडानं म्हनावं लागतं. मोठ्यानं. एकट्यानं."

प्रल्हादनं हातातला घास ताटात ठेवला. "म... म..."

"मला नाही जमणार म्हणतोय," मी सांगितलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान जोरात हलवली. "म... मी ज... जानार."

यांगोन

लिहितात रंगूनसारखं आणि म्हणतात यांगोन. अक्षर र, उच्चार य! शिक्षण संपवून परतलेली ह्निन आम्हाला घ्यायला आली होती; विमानतळावरच्या पाटीखाली उभी राहून तिनं मला हे सांगितलं, तेव्हा माझ्या हातात लाल पेन नव्हतं म्हणून तो देश वाचला.

त्याआधी एक छोटंसं झालं. शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्यानं प्रल्हादचा पासपोर्ट बघून त्याचं नाव विचारलं. त्याचे ओठ मिटायच्या आत मी मागच्या रांगेतून ओरडले, "प्रल्हाद!" अधिकाऱ्यानं मला हातानं थांबा अशी खूण केली आणि पुन्हा त्यालाच विचारलं. रांग वाढत गेली. शेवटी प्रल्हादनं पासपोर्टवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि सुटला.

ह्निनच्या घरी तिची आई दारात उभी होती. "मिंगलाबा!" यात आपलं मंगल आहे हे मला लगेच कळलं आणि ऊर भरून आला. आपली शिक्षिका घरी आली म्हटल्यावर ह्निननं सगळ्यांसमोर गुडघे टेकून मला तीनदा वंदन केलं. तिथं बुद्ध, धम्म, संघ, आईबाप आणि शिक्षक हे पाच सारखेच वंद्य. आमच्याकडं शिक्षकदिनाला गुलाबाचं फूल मिळतं, तेही दांडी मोडलेलं. मी तिला उठवायला गेले, आणि "ऊठ" म्हणताना मीच अडखळले. प्रल्हाद माझ्याकडं बघून हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्निनच्या लहान भाचीचं अंकलिपीचं पुस्तक हाती लागलं. अक्षरं सगळी गोल गोल, जणू कुणी चकल्या पाडून ठेवल्यात. मी म्हटलं, वाचून दाखव. ती सुरात म्हणू लागली, "क, ख, ग, घ, ङ..." आणि मी खाली बसले. अहो, ही तर आपलीच वर्णमाला! तोच क्रम, त्याच पाच-पाचाच्या रांगा. शेवटी शेवटी ळसुद्धा. हजार कोसांवर, समुद्र ओलांडून, आपल्या घरची माणसं ओळीनं उभी असावीत तसं मला झालं.

पण माणसं तीच असली तरी बोलणं बदललेलं. च म्हणायच्या जागी ते स म्हणतात. ज चा उच्चार भुंग्याच्या पंखासारखा ज़. स असेल तिथं जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हलकेच हवा सोडतात. आपल्या थ च्या जवळचा, पण ठोका नसलेला, नुसता वाऱ्याचा थ. आणि ट-ठ-ड-ढ-ण ही अख्खी रांग ते त-थ-द-ध-न सारखीच म्हणतात! ण ला म्हणतात थोरला न आणि न ला म्हणतात धाकटा न. लिहिताना दोघं वेगळे, तोंडात दोघं एक. चौतीस वर्षं मी "पानी नव्हे रे, पाणी" असं कोकलत आले. कन्नड तालुक्यातून आलेल्या किती पोरांना त्यापायी बाकावर उभं केलं. इथं एक अख्खा देश पानी म्हणतो आणि सुखानं राहतो. थोरला-धाकटा हे नातं कळलं असतं तर मी त्या पोरांना बसू दिलं असतं.

मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते ङ चं. आपल्याकडं हा बिचारा ङ म्हणजे पेन्शनर. वाङ्मयात एकदा हजेरी लावतो आणि वर्षभर घरी बसतो. तिथं तो सकाळपासून कामाला जुंपलेला. 'मी' म्हणायचं तर ङा. मासा म्हणायचा तर ङा, जरा उंचावून. पाच म्हणायचे तरी तसाच उंच ङा. शब्दाच्या सुरुवातीलाच ङ! तुम्ही आत्ता म्हणून बघा, जीभ घशाकडं जाईल आणि पुढचं काही सुचणार नाही. मी दोन दिवस प्रयत्न केला. ह्निनची आई पदर तोंडाला लावावा तसा रुमाल लावून हसत राहिली.

चहाचं दुकान

तिथं सकाळ चहाच्या दुकानात होते. फुटपाथवर वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं, टेबलावर फुकटच्या बिनदुधाच्या चहाचा थर्मास. आम्ही मोहिंगा मागवला. मोहिंगा म्हणजे माशाच्या दाट रश्श्यात भाताच्या शेवया, वर उकडलेलं अंडं आणि कुरकुरीत डाळीचं भजं. पहिल्या चमच्याला तोंड वाकडं झालं, चौथ्याला मी वाटी तिरपी करून रस्सा पीत होते.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कुणीतरी मुका घेतल्याचा आवाज केला. चांगला मोठा, दोनदा. मी वळून पाहिलं. चष्मा लावलेला, साठीचा सभ्य गृहस्थ! मी पदर सावरला, डोळे वटारले. त्यानं पुन्हा केला. मी ह्निनला म्हटलं, "ऊठ. इथं बसायचं नाही."

ह्निन हसून हसून टेबलावर पडली. "बाई, वेटरला बोलवायलाय तो! आमच्यात असंच बोलिवतात." आणि खरंच, टकला वेटर त्याच्याकडं निमूट चालत गेला. आमच्या शहरात कुणी असं करून चहा मागवला तर चहाऐवजी काय मिळेल ते मी सांगायला नको.

तिथंच बसून ह्निननं मला तिच्या भाषेतले सूर शिकवले. एकच 'ला' घ्या. सपाट, खालच्या आवाजात म्हटला तर 'ये'. वरून सोडत लांबवला तर वाक्याच्या शेवटी लागणारं 'का?'. आणि आखूड, गळ्यातल्या गळ्यात चिमटा काढल्यासारखा तोडला तर 'चंद्र'. मी म्हटलं, ही भाषा आहे की गाण्याची शिकवणी? आम्ही मराठी माणसं आवाज चढवतो तो भांडताना. यांच्या आवाजाच्या चढउतारावर चंद्र उगवतो. ती गजबजलेली सडक, भोंगे, भांड्यांचे आवाज, आणि त्यात हजारो माणसं एकही सूर न चुकता चहा मागतायत, भाव करतायत, पोरांना रागावतायत. मी नुसती ऐकत बसले. इतकी वर्षं भाषा शिकवली आणि भाषेनं मी अशी थक्क कधी झाले नव्हते.

बायका वाक्याच्या शेवटी आदरानं 'शिन' जोडतात, पुरुष 'खम्या'. प्रल्हादला खम्या फार आवडला. ख वर त्याला कधीच त्रास नव्हता, आणि म च्या आधी ख ची हवा निघून गेलेली असते. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला "खम्या" म्हणत सुटला.

मग ह्निननं स्वतःचं नाव शिकवलं. तीन वर्षं मी तिला 'निन' म्हणत होते आणि तिनं एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. "न च्या आदी नाकातून हवा सोडायची, बाई. आवाज नाय, नुसती हवा. मंग न." म चंही तसंच. आधी मुका श्वास, मग ओठ मिटायचे: ह्म. तिनं दोन शब्द दिले. ह्मा म्हणजे चुकणं. ह्मान म्हणजे बरोबर असणं. चूक आणि बरोबर, दोन्ही एकाच मुक्या श्वासानं सुरू होतात! मी ते वहीत लिहून घेतलं.

लिहून मान वर केली तर प्रल्हाद डोळे मिटून बसला होता. नाकातून हवा सोडत होता, मग हळूच ओठ मिटत होता. "ह्मा. ह्मा. ह्मान." एकदाही अडकला नाही. मी बोलणार तेवढ्यात ह्निननं टेबलाखालून माझा पाय दाबला.

सगाइंग

दीक्षेसाठी ह्निननं आम्हाला उत्तरेला सगाइंगला नेलं. तिथं इरावतीच्या काठानं टेकड्या आहेत आणि प्रत्येक टेकडीवर इतके स्तूप आहेत की झाडं त्यांच्यामधून जागा मागत उभी आहेत असं वाटतं. पहाटे सगळ्या मठांतून एकदम पठण सुरू होतं. मी पायऱ्यांवर उभी होते. खाली नदीवर धुकं, आणि चारी बाजूंनी ते स्वर येत होते. "नमो तत्थ भगवतो..." आपलं 'नमो तस्स'. तोच वाऱ्याचा थ. आधी कानाला खटकलं. वाटलं, खाली जाऊन सांगावं, स म्हणा, बाबांनो. मग एकदम अंगावर काटा आला. अडीच हजार वर्षं किती लोकांच्या किती प्रकारच्या जिभांवरून हे शब्द वाहत आले असतील, आणि माझ्या बाबांच्या जिभेवरचा उच्चार तेवढा खरा, असं मी धरून चालले होते.

मठाचे मुख्य गुरू, त्यांना सयाडो म्हणतात, ऐंशीच्या घरातले, वाळलेल्या खारकेसारखे. त्यांनी प्रल्हादला पहिला प्रश्न विचारला: जन्म कोणत्या वाराचा? तिथं वारावरून नावाचं अक्षर ठरतं. आपल्याकडं नक्षत्राच्या चरणावरून ठरतं तसंच, फक्त त्यांचा हिशेब सरळ. सोमवारचा क च्या रांगेतला, शनिवारचा त च्या, गुरुवारचा प च्या. मी मनात म्हटलं, गुरुवार नको! पुन्हा प, ब, म पदरात नकोत.

"आई सांगायची," प्रल्हाद सावकाश म्हणाला, "जु... जुम्म्याच्या बांगंला झालो."

ह्निननं सांगितलं, शुक्रवार. सयाडो हसले. शुक्रवारची अक्षरं दोनच: ह, आणि तो वाऱ्याचा थ. दोन्ही नुसता श्वास. त्यांनी नाव दिलं सुमन, आणि म्हणायचं थुमना.

मग त्यांनी नियम सांगितला. ह्निननं माझ्यासाठी मराठीत केला. "दीक्षा चीवरानं होत नाय. केस काढून होत नाय. तिसरण म्हनल्यानं होते. आन ते दोनदा म्हनायचं. एकदा बुद्धं, शेवट नाकात सोडून. एकदा बुद्धम्, शेवटी ओठ मिटून. कोनताबी एक उच्चार खरा असंल तर दीक्षा खरी, म्हनून दोन्ही. पन शबुद त्याच्या तोंडातून यायला पायजे. दुसऱ्याच्या तोंडातून आलं तर ते सरण, म्हंजी शरन जानं, नाय."

म्हणजे सुरुवातीला ब. आणि दुसऱ्या खेपेला शेवटीही मिटलेले ओठ. प्रल्हादच्या कुलपाला दोन्ही बाजूंनी कड्या. मी विचारलं, "मी शेजारी बसू का? लागलं तर..." सयाडोंनी ह्निनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि बायकांच्या बाजूकडं बोट केलं.

दीक्षेचा दिवस

सकाळी प्रल्हादचे केस काढले. खाली पडणारे केस घरच्यांनी पांढऱ्या कापडात झेलायचे असतात. मुळात त्याच्या डोक्यावर मोजून चार केस, पण मी आणि ह्निननं कापडाची दोन टोकं धरली. पांढरे केस पडत गेले. आईची आठवण आली. त्याचं जावळ तिनं असंच झेललं होतं, खणाच्या तुकड्यात. मला रडू आवरेना. प्रल्हाद खाली बघत होता, नाकातून हवा सोडत होता.

विहारात भिक्खू ओळीनं बसलेले. दिवसाचं जेवण मी दिलेलं, आणि भिक्खूंनी दुपारी बाराच्या आत जेवलंच पाहिजे, नंतर नाही. मागच्या पडवीत भाताची पातेली वाफाळत होती. प्रल्हाद सयाडोंसमोर उकिडवा बसला, हात जोडून. मी बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत. पुन्हा पहिलीच रांग.

सयाडोंनी सुरू केलं. "बोउद्धां थरनां गिस्सामी."

प्रल्हादचे ओठ मिटले.

मिटलेलेच राहिले. मानेची शीर फुगली. "बु..." पुन्हा कुलूप. एक चिमणी आत येऊन खांबावर बसली. "बु... बु..." मागं कुणी तरी खाकरलं. मी शपथेवर सांगते, मी ठरवलं नव्हतं. माझं तोंड आपोआप उघडलं.

"बुद्धं सरणं गच्छामि!"

खणखणीत. पंधराव्या वर्षी म्हटलं होतं तसंच, एक मात्रा न चुकता.

सगळे भिक्खू माझ्याकडं वळले. सयाडोंनी मान वर केली. रागावले नाहीत. एकच शब्द म्हणाले, अगदी हळू.

"ह्मा दे."

ह्निनला मराठीत सांगायची गरज पडली नाही. त्या देशात कुणाच्या मदतीशिवाय मला कळलेलं ते पहिलं वाक्य. चूक झाली. चौतीस वर्षं ज्या शब्दावर मी पगार घेतला तो शब्द माझ्या पदरात टाकून ते पुन्हा प्रल्हादकडं वळले. प्रल्हादनं माझ्याकडं पाहिलंच नाही. त्याचे कान लाल झाले होते. अकरा वर्षांच्या पोराचे झाले होते तसेच. त्या क्षणी मला कळलं की त्या पौर्णिमेला मी त्याला वाचवलं नव्हतं. मी त्याचं सरण त्याच्या तोंडातून काढून घेतलं होतं, आणि इतकी वर्षं ते माझ्याकडंच होतं.

मी पदराचा बोळा करून दातांत धरला.

सयाडोंनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग थांबले. असं थांबणं मी कधी पाहिलं नव्हतं. वाट बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक घाई असते, ती नव्हती. भिक्खूंपैकी कुणीही घड्याळाकडं पाहिलं नाही. पडवीत भात निवत होता. नदीवरून एका होडीचा आवाज आला आणि गेला.

प्रल्हादनं डोळे मिटले. ओठ सैल सोडले. नाकातून हवा सोडली, मुकी, लांब. मग जणू एखादं जड दार हलकेच लोटावं तसे ओठ मिटले आणि उघडले.

"बोउद्धां," तो म्हणाला. "थरनां गिस्सामी."

नऊ वेळा. बुद्ध, धम्म, संघ, तिन्ही तीनतीनदा. मग ओठ मिटून पुन्हा नऊ वेळा. दोनदा अडकला, एकदा खूप वेळ. मी दातांतला बोळा सोडला नाही. शेवटच्या 'म्' ला त्यानं ओठ मिटले ते तसेच मिटलेले ठेवले, आणि त्या मिटलेल्या ओठांवर हसू होतं. मग एकच धावपळ! बाराला वीस मिनिटं कमी. ऐंशी वर्षांचे सयाडो आणि साठीला आलेला नवा श्रामणेर भराभरा भात जेवले. मीच वाढत होते आणि मला काही दिसत नव्हतं.

जेवणानंतर नियमाप्रमाणं मी त्याला वंदन केलं. विटकरी चीवरातला माझा धाकटा भाऊ वर बसलेला, आणि मी जमिनीवर कपाळ टेकलेली. त्याला शिवायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. मी म्हटलं, "भंते, चुकलं माझं." तो बराच वेळ अडखळला. मी थांबले.

"ता... ताई," तो म्हणाला, "तू... तूबी शिकशील."

गारखेडा

दहा दिवसांनी चीवर उतरवून तो पुन्हा पँट-शर्टात आला. जादू काही झाली नाही. मुंबईच्या विमानतळावर तो अडखळला, रिक्षावाल्याशी अडखळला, बाहेरच्या ओट्यावर भेटायला आलेल्यांशी अडखळला. फरक माझ्यात पडला असं आमच्या सूनबाई म्हणतात. म्हणतात, आई आता जेवताना गप्प असतात, घर कसं मोठं वाटायलंय.

परवा पौर्णिमा झाली. आमच्या विहारात वंदना सांगणारे काका तापानं पडलेले. मंडळी माझ्याकडं बघू लागली. दर वेळी अशा अडचणीला मीच उठते. मी उठले नाही. मागून स्टुल सरकल्याचा आवाज आला आणि प्रल्हाद पुढं येऊन उभा राहिला.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. शेजारच्या कौसल्याबाई माझ्या कानाशी लागल्या. "अवं बाई, त्याला कुठं उभं केलं? तुमीच म्हना की पटकन."

मी बोटानं त्यांना गप्प केलं.

त्यानं हात जोडले. डोळे मिटले. ओठ सैल सोडले. इतका वेळ गेला की एक लेकरू रडायला लागलं आणि त्याची आई त्याला बाहेर घेऊन गेली. माझ्या जिभेवर ते तीन शब्द तयार होते. जन्मभर तयारच असतात. मी ते गिळले. मग त्याचा तो मुका श्वास ऐकू आला. दुसऱ्या कुणालाच ऐकू आला नसेल, पण माझे कान तिखट आहेत.

"बोउद्धां थरनां गिस्सामी."

विहारात कुजबुज झाली. मागं दोन पोरी फिसकन हसल्या. माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः मास्तर झालेला, वळून म्हणाला, "बाई, उच्चार चुकलाय की. सरणं पाहिजे ना?" सगळे थांबले होते. मागून म्हणायचं, पण काय म्हणायचं, हे माझ्या तोंडाकडं बघून ठरवणार होते.

मी उभी राहिले, हात जोडले. रीत आमची जुनीच आहे: पुढच्यानं जसं म्हटलं तस्सं मागच्यानं म्हणायचं. जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धाकट्या भावाच्या मागून म्हटलं.

"बोउद्धां थरनां गिस्सामी."

आणि माझ्यामागून सगळ्या विहारानं.